१०० वॉटच्या अँपने ७५ वॉटचे स्पीकर जळतात का? एका दादांच्या कमेंटला उत्तर

दादा, कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की गाडीतल्या ७५ वॉट आरएमएसच्या (म्हणजे सतत झेपणाऱ्या पॉवरच्या) कंपोनंट सेटला, म्हणजे वूफर आणि ट्वीटर वेगवेगळे असलेल्या स्पीकर सेटला, मी १०० वॉटचा अँप (अँप्लिफायर) सुचवून लोकांचे स्पीकर जाळायला निघालोय, आणि स्टिरिओवर '५० वॉट x ४' लिहिलेलं असताना अँपचा खर्च करायचाच कशाला. उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी तो ५० चा आकडा. गाडी चालू असताना साधारण १४.४ व्होल्ट मिळतात आणि स्टिरिओमधली छोटी अँप चिप व्होल्टेज वाढवत नाही, आहे त्यातच भागवते. आता १४.४ चा वर्ग करा, स्पीकरच्या ४ ओहमने (विजेला होणाऱ्या त्याच्या विरोधाने) भागा, आले जवळपास ५२ वॉट. झाला तुमचा ५०! पण हे कधी, तर आउटपुटची लहर वरून-खालून कापली जाऊन पार चौकोनी झाल्यावर, म्हणजे आवाज पूर्ण फाटल्यावर. स्वच्छ, गोलसर लहरीचा (साइन वेव्हचा) हिशोब केला की तोच आकडा निम्म्यावर, २६ वर येतो आणि चिपमधले लॉसेस जाता हातात उरतात १५ ते २० वॉट. म्हणून मी खोक्यावरचा आकडा बघतच नाही, सीईए-२००६ या पॉवर मोजायच्या स्टँडर्डप्रमाणे आरएमएस किती दिलाय ते बघतो, कारण त्यात १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि डिस्टॉर्शन १ टक्क्याच्या आत अशी अट असते. अँपचंही तेच. १००० वॉट छापलेले आणि मागे २० अँपिअरचा फ्यूज असलेले अँप पैशाला पासरी मिळतात, अहो २० गुणिले १४.४ म्हणजे आत जाणारेच २८८ वॉट, बाहेर १००० कुठून येणार?

आता जळण्याचं. अँपवरचे १०० वॉट ही त्याची ताकद, तो ते सतत स्पीकरमध्ये ढकलत नसतो. गाण्याची सरासरी पॉवर कमीच असते, पण ढोलकीची थाप पडली की त्या क्षणाला दहापट सहज लागते, म्हणजे सरासरी ८ वॉटवर ऐकत असाल तर थापेला ८०. स्टिरिओ बिचारा १८ वर थाप कापतो, तुम्हाला आवाज दबलेला वाटतो, मग तुम्ही अजून वाढवता, तो अजून कापतो, सरासरी पॉवर चढत जाते, वरच्या फ्रिक्वेन्सीत नको ती भर पडते आणि पहिला बळी ट्वीटरचा (बारीक, वरच्या आवाजाच्या छोट्या स्पीकरचा), कारण त्याची कॉइल केसासारखी बारीक. सेटवरचे ७५ वॉट क्रॉसओव्हरसकट (आवाज वूफर-ट्वीटरमध्ये वाटणाऱ्या सर्किटसकट) पूर्ण सेटचे असतात, एकट्या ट्वीटरचे नाहीत! आणि ७५ ते १०० हा फरक आहे सव्वा डेसिबलचा, कानाला जेमतेम कळेल एवढा.

हां, अँपवरचा गेनचा नॉब (स्टिरिओच्या सिग्नलशी अँप जुळवणारा) व्हॉल्यूम समजून फुल फिरवला तर स्पीकर जातीलच, तिथे मी तुमच्या बाजूने. इन्स्टॉलरकडून हे समोर उभं राहून करून घ्या: स्पीकरच्या वायरी काढायच्या, इक्वलायझर फ्लॅट, स्टिरिओ पाऊण व्हॉल्यूमवर, १ किलोहर्ट्झचा टोन लावायचा आणि अँपच्या आउटपुटला मल्टिमीटर एसीवर लावून १७.३ व्होल्ट आले की गेन तिथेच सोडायचा. ७५ वॉट गुणिले ४ ओहम, त्याचं वर्गमूळ, बाकी काही जादू नाही. सोबत ८० हर्ट्झला हाय-पास (त्याखालचा आवाज अडवणारा फिल्टर), कारण तेवढ्याच आवाजासाठी एक ऑक्टेव्ह खाली, म्हणजे निम्म्या फ्रिक्वेन्सीला, गेलं की स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) चौपट हलतो, आणि दारातले साडेसहा इंची स्पीकर त्यानेच फाटतात.

खर्चाचं मात्र पटतं. रोज ऑफिसला जाता-येता मध्यम आवाजात ऐकणार असाल तर ९१-९२ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (थोड्या पॉवरवर किती मोठा वाजतो त्याचा आकडा) सेट स्टिरिओवरही छान वाजतो, फक्त तो आकडा १ वॉटला आहे की २.८३ व्होल्टला ते बघा, ४ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॉट, फुकटचे ३ डेसिबल वाढवून दाखवतात. अशा वेळी मी पैसे आधी डोअर डॅम्पिंगला (दाराचा पत्रा थरथरू नये आणि भोकं बंद व्हावीत म्हणून आतून शीट लावायला) घालीन, दाराची भोकं बुजवली नाहीत तर कोनच्या मागचा आवाज पुढच्याला खातो आणि बेस गायब, मग अँप कितीही भारी आणा. अँप नंतर घेतलात तर बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज, यात तडजोड नाही.

तुमच्या सेटचा इम्पीडन्स (वर म्हटलेला ओहमचा आकडा) किती आहे तेवढं टाका, काही सेट ३ ओहमचे येतात, तसं असेल तर १७.३ नाही, १५ वर थांबायचं.