काळी काच म्हणजे संरक्षण नव्हे

गॉगलवरचा लेख छान, पण ‘काच जितकी गडद तितकं डोळ्यांचं रक्षण’ हे वाक्य खटकलं. रंगाचा आणि अतिनील किरण अडवण्याचा काही संबंध नाही. उलट काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि काच फुसकी असेल तर हे किरण जास्तच आत शिरतात. म्हणून ‘यूव्ही ४००’ आहे का ते बघा, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतच्या लहरी अडतात. (स्टिकर काय, कुणीही चिकटवतो! काही चष्मेवाल्यांकडे तपासायचं यंत्र असतं, बिनधास्त विचारा.)

पोलराइज्ड काच ही वेगळी भानगड. ती ओल्या डांबरावरची, समोरच्या गाडीच्या बॉनेटवरची चकाकी घालवते. दुकानातच गॉगल मोबाइलच्या स्क्रीनसमोर धरून हळूहळू फिरवा. बहुतेक फोनवर एका कोनात स्क्रीन काळाठिक्कर दिसतो, तसं झालं तर माल खरा.

आणि हो, श्रेणी ४ ची, म्हणजे सगळ्यात गडद, काच बर्फाळ डोंगरांसाठी असते. तिच्यातून जेमतेम ३ ते ८ टक्के उजेड येतो, गाडी चालवताना ती चालत नाही. तसला गॉगल लावून घाटातल्या बोगद्यात शिरणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.