मरून हुडीवरची गुलाबी अक्षरं

कट्ट्यावर हुडी पसरून ठेवली होती. मरून रंग, छातीवर कंपनीचं नाव आडवं, या काखेपासून त्या काखेपर्यंत, आणि ते नाव गुलाबी. छापून आलं तेव्हा पांढरंशुभ्र होतं, असं ताईने सांगितलं. पेंटरने हुडी हातातसुद्धा न घेता निकाल दिला, "रंग चढलाय. कापडात पॉलिस्टर आहे."

ओळख करून द्यायची तर पेंटर म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगवाला, मास्तर कटिंगचे, भाऊ कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचा, आणि ताई कंपन्यांसाठी वाटपाच्या कपड्यांची खरेदी बघते. भांडण एकाच गोष्टीवरून: जाहिरात म्हणून हुडी वाटायची तर त्यावर नाव केवढं, कुठे आणि कशाने?

"पण पॉलिस्टर असलं म्हणून पांढऱ्याचं गुलाबी कसं होईल?" ताईने विचारलं.

"पॉलिस्टर डिस्पर्स रंगात रंगवतात. तो रंग तापला की वायू होऊन धाग्यातून सुटतो आणि वरच्या शाईत जाऊन बसतो. साधी प्लॅस्टिसॉल शाई पक्की व्हायला साधारण १६० अंश सेल्सिअस लागतं. तेवढ्यात मरून, लाल, नेव्ही हे रंग उठतातच. फसवणूक अशी की ड्रायरमधून बाहेर आल्यावर प्रिंट पांढरं दिसतं. मग गरम माल तसाच एकावर एक रचून खोक्यात भरतात, आतली ऊब आपलं काम करत राहते आणि चार दिवसांनी खोकं उघडलं की हे असं."

उपाय त्याने पटापट सांगितले. १३०-१३५ अंशांत पक्की होणारी लो-क्युअर शाई घ्यायची. पांढऱ्याच्या खाली करड्या ब्लॉकर शाईचा थर द्यायचा, कारण नुसत्या पांढऱ्यावर पांढरं चढवून रंग अडत नाही. ड्रायरमधून निघालेला माल गार झाल्याशिवाय रचायचा नाही. आणि मुख्य म्हणजे त्याच लॉटच्या कापडावर एक नमुना छापून, गरम दाबून, दोन-तीन दिवस ठेवून बघायचा. "नमुना सकाळी छापला आणि दुपारी पास केला, तर तो नमुना कशाचाच नाही."

मास्तरांनी मान हलवली. "शाईवर ढकलू नकोस. आधी कापड विचारा. थ्री-थ्रेड फ्लीसमध्ये, म्हणजे हुडीच्या जाड विणीच्या कापडात, तीन धागे असतात: तोंडाचा, बांधणीचा आणि आतल्या लूपचा. पॉलिस्टर घालायचंच असेल तर आतल्या लूपमध्ये घाला आणि तोंडाचा धागा पूर्ण कॉटनचा मागा. कागदावर दोन्ही कापडं ८०-२०च, म्हणजे ऐंशी टक्के कॉटन, वीस टक्के पॉलिस्टर. पण एकात छपाईच्या बाजूला पॉलिस्टर असतं, दुसऱ्यात नसतं. हा प्रश्न ऑर्डर देताना कुणी विचारत नाही."

"म्हणून म्हणतो," भाऊ इतका वेळ याचीच वाट बघत होता, "धाग्याने काम करा. ना रंग चढायची भीती, ना तडे."

"आणि ना वाचता येणारी अक्षरं," पेंटर म्हणाला.

इथे भाऊने हुडी उलटी करून आतली बाजू दाखवली. डाव्या छातीवर एक छोटं भरतकामही होतं, आणि आतून ते कागदासारख्या अस्तरावर उभं होतं. अस्तराचा अर्धा भाग फाटून निघालेला. "हे बघा, टेअर-अवे लावलंय, म्हणजे फाडून टाकायचं बॅकिंग. विणलेल्या, ताणल्या जाणाऱ्या कापडाला ते चालत नाही. दोन धुण्यांत त्याचा जीव जातो, टाके उघडे पडतात आणि कापड भोवतीने गोळा होतं. हुडीला कट-अवेच हवं. ते कात्रीने कापून कडेला पाच-सात मिलिमीटर ठेवायचं, आणि ते कपड्याबरोबर शेवटपर्यंत राहतं. वरून पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म अंथरायची, नाहीतर टाके लवेत बुडतात. सुई बॉलपॉइंट, ७५/११. टोकदार सुईने विणीचा धागा तुटतो आणि धुतल्यावर टाक्याच्या कडेला भोक दिसतं."

"आणि अक्षरं?"

"४० नंबरच्या धाग्यात पाच-सहा मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर मागू नका. ६० नंबरचा बारीक धागा घेतला तर थोडं खाली जाता येतं. पण लोगोखालची घोषवाक्याची ओळ धाग्यात येणार नाही म्हणजे नाही. ती काढा. साधारण नऊ-दहा सेंटिमीटर रुंदीचा लोगो पाच ते आठ हजार टाक्यांत बसतो. मिनिटाला ८०० टाक्यांनी आठ हजार टाके म्हणजे निव्वळ शिवायला दहा मिनिटं. त्यात रंग बदलणं आणि फ्रेम लावणं वेगळं. म्हणून आमच्याकडे भाव टाक्यांवर असतो, रंगांवर नाही."

पेंटरचं बरोबर उलटं. त्याच्याकडे रंगागणिक एक स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळी, त्यामुळे एकरंगी हजार नग त्याला सोपे आणि सहारंगी वीस नग जड. त्या वीस नगांसाठी त्याने स्वतःच डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म) सुचवलं. फिल्मवर छापायचं, चिकट पावडर लावून ती वितळवायची, मग ती कपड्यावर ठेवून १५०-१६० अंशांच्या आसपास दहा-पंधरा सेकंद दाबायचं आणि फिल्म सोलल्यावर पुन्हा एकदा दाबायचं. हे दुसऱ्यांदा दाबणं घाईत गाळतात आणि कडा तिथूनच उचकटतात. भरीव मोठा चौकोन असेल तर छातीवर रेक्झिनचा तुकडा चिकटवल्यासारखं वाटतं, घामही अडतो. डिझाइनमध्ये मोकळ्या जागा सोडल्या की तोच छाप सुसह्य होतो.

स्वतःच्या धंद्याची एक चूकही त्याने कबूल केली. फ्लीस जाड असते, ओल धरून ठेवते, त्यामुळे टीशर्टच्या वेगाने ड्रायरचा पट्टा चालवला तर वरची शाई तापते आणि खालची कच्ची राहते. तापमानाची बंदूक फक्त पृष्ठभाग मोजते. प्रिंट बोटांनी ताणून बघायचं. तडा गेला तर शाई शिजलेली नाही. आणि हे पहिल्याच नगावर बघायचं, पाचशे झाल्यावर नाही.

तेवढ्यात मास्तरांनी हुडीची टोपी मागे टाकली आणि वीत ठेवली. कॉलरच्या शिवणीपासून जवळजवळ वीतभर पाठ टोपीखाली गेली होती. "पाठीवर नाव छापता, ते कुठून सुरू करता? टीशर्टचाच आराखडा उचलून. मग टोपी पडली की नावाची वरची ओळ गायब. आणि पुढून बघा." त्यांनी कांगारू खिशाच्या वरच्या कडेवर बोट ठेवलं. "गळ्यापासून इथपर्यंतच तुमची जागा. मोठ्या साइझवर बरी असते, एसवर एकदम आखडते. आराखडा एलवर केला आणि स्क्रीन तीच ठेवली, तर एसवर नाव खिशावर चढतं. खिशाची शिवण उंचवटा करते, तिथे स्क्रीन टेकत नाही, शाई एकीकडे साचते, एकीकडे पोचतच नाही. सर्वांत लहान साइझवर मोजा आणि तेच माप सगळ्यांना लावा. नाहीतर दोन स्क्रीन करा."

"चेनवाली घेतली तर?" ताई.

"तर मधोमध काही छापू नका. नाव दोन पल्ल्यांवर विभागलं की चेन लावल्यावर वरखाली होतंच, एखाद-दोन मिलिमीटर तरी. डोळा तेवढंच पकडतो. डावी छाती, बाही किंवा पाठ. संपलं."

आता खरा वाद पेटला. ताईचं म्हणणं, कंपनी पैसे घालते ते नाव दिसावं म्हणून. बोटभर लोगो कोण बघणार? मग जाहिरात कसली?

"घातली तर जाहिरात," मास्तर म्हणाले. "कपाटात पडली तर नुसतं कापड. कार्यक्रमाच्या दिवशी सगळेच घालतील. प्रश्न सुटीच्या दिवसाचा आहे. छातीभर नाव घेऊन माणूस स्वतःच्या कामासाठी बाहेर पडेल का?"

"कॉलेजची नावं छातीभर असतात, ती घालतात की लोक हौसेने!" पेंटर म्हणाला. "टोपीचा स्वेटशर्ट मुळात तिथूनच पुढे आला. १९३०च्या दशकात अमेरिकेत चँपियन या खेळाच्या कपड्यांच्या कंपनीने तो थंडीत काम करणाऱ्या कामगारांसाठी आणि खेळाडूंसाठी केला, आणि त्यावर विद्यापीठांची नावं चढली."

"कारण कॉलेज आपलं वाटतं. ताईची सॉफ्टवेअर कंपनी आपली वाटते का?" भाऊ.

ताई हसली, पण मुद्दा सोडला नाही. "स्वयंसेवकांना द्यायची असेल तर?"

इथे सगळे एका बाजूला आले. गर्दीत माणूस शोधायचा असेल तर पाठीवर मोठं, ठळक, एकरंगी, चार पावलांवरून वाचता येईल असंच छापायचं. तो गणवेश आहे, भेट नाही. घोळ होतो तो दोन्ही एकाच हुडीत कोंबायला गेलं की. पाठीवर मोठं नाव, छातीवर लोगो, बाहीवर प्रायोजक, टोपीवर संकेतस्थळ, आणि वर अपेक्षा की लोकांनी ती वर्षभर मिरवावी.

मास्तरांनी मग पॅटागोनियाचं उदाहरण काढलं. ही कंपनी इतर कंपन्यांचे लोगो आपल्या जाकिटांवर घालून द्यायची. २०२१ मध्ये तिने ते बंद केलं. कारण दिलं ते कपड्याच्या आयुष्याचं: माणूस नोकरी बदलतो, लोगो काढता येत नाही, कपडा दुसऱ्याला देताही येत नाही, आणि चांगलं जाकीट वापरातून जातं. "लोगो शिवण्यात वाईट काही नाही. पण कपडा दहा वर्षं टिकणारा आणि लोगो दोन वर्षं कामाचा, हे गणित चुकतं. खिशाच्या कडेला विणलेलं लेबल शिवा, उसवून काढता येतं."

"हे कंपनीच्या मार्केटिंगला सांगून बघा," ताई म्हणाली. तिची अडचण खरी आहे. मंजुरी देणारा माणूस पडद्यावर चित्र बघतो, आणि चित्रात मोठा लोगो नेहमीच भारी दिसतो. यावर भाऊची युक्ती बरी होती: चित्र पाठवू नका, लोगो खऱ्या आकारात कागदावर छापून कापा, हुडीवर टाचा आणि माणसाला ती घालून उभं करा. दहा सेंटिमीटर छातीवर वाटतो तेवढा लहान नसतो.

कापडाचा विषय निघाला की मास्तर थांबत नाहीत. २४० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला २४० ग्रॅम भरणारं लूपनिट, आतून न घासलेलं, कार्यालयाच्या एसीत आणि प्रवासात चालतं. थंडीसाठी २८० ते ३२० ची घासलेली फ्लीस. ३५० च्या वर गेलं की हुडी रुबाबदार दिसते, पण खोक्यात कमी मावते आणि उन्हाळ्यात बाहेर निघत नाही. ३२० मध्ये एम साइझला वाया जाणारं धरून पाऊण किलोच्या आसपास कापड लागतं. म्हणून स्वतःचा खास रंग मागताना हिशेब उलटा करायचा: रंगाईवाला तीनशे किलोच्या खाली लॉट घेत नसेल, तर चारशे हुड्यांच्या खाली तो रंग विसरा आणि तयार रंगांतून निवडा. रंगाचा नंबर देतानाही बघा. पँटोन या रंगांच्या तक्त्यातला 'सी' नंबर कागदावरच्या शाईचा, कापडासाठी 'टीसीएक्स'. 'सी' देऊन कापड रंगवायला सांगितलं की जो तो आपल्या अंदाजाने जुळवतो, मग भांडण.

"आटण्याचं सांगा," पेंटर म्हणाला.

"कॉम्पॅक्टिंग, म्हणजे कापड आधीच दाबून आटवणं, नीट न केलेलं कॉटन लांबीत सात-आठ टक्केही जातं. पाच टक्के धरले तरी सत्तर सेंटिमीटरची हुडी साडेतीन सेंटिमीटरने आखूड. प्रिंट आटत नाही, कापड आटतं, म्हणून मोठ्या छपाईच्या कडेला सुरकुत्या येतात. चँपियनने याच दुखण्यावर कापड आडवं कापायला सुरुवात केली, रिव्हर्स वीव्ह म्हणतात ते. १९५२ चं पेटंट आहे त्याचं. तुम्ही एवढं करू नका. नमुना तीन वेळा धुवा, धुण्याआधी आणि नंतर टेप लावा. मनगटाच्या आणि कमरेच्या रिबमध्ये पाच टक्के लायक्रा आहे का तेही तेव्हाच बघा. नसेल तर बाही महिन्यात भोंग्यासारखी लोंबते."

साइझवर वाद फार झाला नाही. एस, एम, एल, एक्सएलचं कारखान्याचं ठरलेलं १:२:२:१ प्रमाण तरुण, सडपातळ गटाला चालतं, इतरत्र एक्सएल आधी संपतात आणि एस उरतात. साइझ विचारताना अक्षर विचारू नका, छातीचं सेंटिमीटरमधलं माप छापलेला तक्ता पाठवा. हुडी शर्टावरून घालतात, तेवढी ढील तक्त्यात आहे का बघा. लहान मुलांसाठी असेल तर टोपीला नाडी नको. अमेरिकेत १९९६ पासून त्यावर मार्गदर्शक सूचना आहेत, युरोपात ईएन १४६८२ हे मानक आहे, कारण नाडी घसरगुंडीत किंवा दारात अडकून गळ्याला फास बसतो.

मोठ्यांच्या नाडीवरून मात्र पुन्हा जुंपली. पेंटर म्हणतो नाडी काढा, छपाईवर घासते आणि धातूचं टोक शाई खरवडतं. मास्तर म्हणतात, नाडी नसेल तर टोपी वाऱ्यात डोक्यावर थांबत नाही, मग हुडी कशाला घेतलीत, गोल गळ्याचा पुलओव्हर घ्या, स्वस्तही पडेल आणि छातीची सगळी जागा मिळेल. ताईने हे वहीत लिहून घेतलं.

"आणि या मरूनचं काय करू? दीडशे नग आहेत."

"गुलाबी परत पांढरं होणार नाही," पेंटर म्हणाला. "वरून ब्लॉकर आणि पुन्हा पांढरं मारता येईल, पण आधीच्या जाड शाईवर अजून दोन थर, पाटीसारखं कडक होईल."

"काळी शाई मार."

"मरूनवर काळं? चार पावलांवरून दिसणार नाही."

मास्तरांनी हुडी उचलून उजेडात धरली. "कुणाला दिसायला हवंय?"