उसाच्या सरीत गांजा? आधी फोटो तरी नीट बघा

आमच्या भावकीच्या ग्रुपवर पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा तोच मेसेज आला : 'केंद्राने गांजावरची बंदी उठवली. युनोनेही मान्य केले. एक किलोपर्यंत गुन्हा नाही. उसात आंतरपीक घ्या, लाखो कमवा. कॅन्सरवर रामबाण.' काल कागलहून चुलतभावाचा फोन, "दादा, बी कुठं मिळंल?" म्हणून हा खटाटोप.

पहिल्यांदा मेसेजसोबतचा फोटो. त्यातली पिवळीधमक फुलं तागाची आहेत! ऊस लावायच्या आधी आपण पेरतो आणि फुलोऱ्यात आला की रानात गाडतो, तोच ताग. इंग्रजीत त्याला 'सन हेम्प' म्हणतात. 'हेम्प' हे गांजाच्या झाडाचंही इंग्रजी नाव, कुणीतरी तेवढंच वाचून फोटो उचलला. ताग हा तूर-हरभऱ्याच्या कुळातला, त्याचं गांजाशी नातं नाही.

आता बंदी. ती उठलेली नाही. १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा जागच्या जागी आहे. युनोचं म्हणाल तर डिसेंबर २०२० मध्ये गांजा सर्वांत कडक यादीतून निघाला, भारतानेही बाजूने मत दिलं, इथवर खरं. पण नियंत्रणाच्या पहिल्या यादीत तो आजही आहे, आणि तिथल्या मतदानाने इथला कायदा बदलत नाही.

'एक किलोपर्यंत गुन्हा नाही' हे वाक्य सगळ्यांत घातक. एक किलो ही कायद्यातली 'अल्प मात्रा'. तेवढ्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर 'व्यापारी मात्रा' सुरू होते, तिथं किमान दहा वर्षं. लागवडीला तर अल्प मात्रेची सवलतच नाही. परवान्याशिवाय झाड लावलं की दहा वर्षांपर्यंत शिक्षा आणि लाखापर्यंत दंड. उसाच्या फडात लपतंय म्हणून लावणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

'उत्तराखंडात चालतं की!' चालतं. २०१८ पासून तिथं परवाना घेऊन, नशेचा अंश ०.३ टक्क्यांच्या आत असलेलं वाण, धागा आणि बियांसाठी लावतात. तो परवाना कोल्हापुरात कामाचा नाही.

भांगेचं त्रांगडं वेगळं. ती त्याच झाडाच्या पानांची. नुसतं पान एनडीपीएसमधल्या गांजाच्या व्याख्येत येत नाही, फुलोऱ्याचा शेंडा येतो. पण महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा पानालाही परवाना मागतो.

बीही व्याख्येबाहेर आहे. २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हेम्पचं बी, तेल आणि पीठ खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलं. नवल वाटायचं कारण नाही : पांढऱ्या रश्श्यात आपण मूठभर खसखस वाटून घालतो, ती अफूच्याच बोंडातली. रस्सा ओरपून कुणाला नशा चढल्याचं ऐकलंय? चढते ती मटणाची सुस्ती. गोम एवढीच की तेच बी खाल्लं तर चालतं, पेरलं तर गुन्हा.

कॅन्सर बरा होतो याला पुरावा नाही. केमोच्या मळमळीवर या झाडातल्या घटकावर बेतलेलं औषध आहे, आणि लहान मुलांच्या काही दुर्मीळ फिट्सवर २०१८ मध्ये अमेरिकेत एकाला मान्यता मिळाली. दोन्ही मोजून द्यायची औषधं, चिलीम नव्हे. उलट कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्याला मनोविकाराचा धोका वाढतो.

चुलतभावाला एवढंच सांगितलं : तागाचं बी मागितलं असतंस तर विचारायचीही गरज नव्हती, माझ्याकडं अर्धं पोतं शिल्लक आहे.