खुलासा : गूळ खाऊन फुफ्फुसं धुतली जात नाहीत

थंडीत हवा धुरकट झाली की एक मेसेज हमखास फिरतो : ‘रात्री गुळाचा खडा खा, सकाळी फुफ्फुसातली सगळी धूळ बाहेर!’

दावा अगदीच हवेतला नाही. १९९४ साली लखनौच्या संशोधकांनी उंदरांच्या श्वासनलिकेत कोळशाची आणि सिलिकाची (वाळूत, दगडात असणाऱ्या खनिजाची) धूळ सोडली. गूळ दिलेल्या उंदरांमध्ये फुफ्फुसातले कण जवळच्या लसिका ग्रंथींकडे (शरीरातल्या गाळणीसारख्या गाठींकडे) जास्त सरकलेले दिसले. सरकलेले, म्हणजे शरीराबाहेर गेलेले नव्हेत. शिवाय हे उंदीर होते, गिरणगावातली माणसं नव्हेत.

मुळात गूळ जातो अन्ननलिकेतून पोटात. धूळ बसते श्वासनलिकेत नि त्याखाली. मोठे कण चिकट स्रावात अडकतात आणि पेशींवरच्या बारीक केसांसारख्या तंतूंनी वर ढकलले जातात. २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण मात्र थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथे भक्षक पेशी त्यांना गिळतात. सिलिकाचा कण गिळला की बऱ्याचदा ती पेशीच मरते, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. या रहाटगाडग्यात दाह वाढून फुफ्फुसात व्रण तयार होतात. सिलिकोसिस तो हाच, आणि तो कशानेही उलटत नाही.

गुळात थोडं लोह, थोडी फिनॉल संयुगं असतात खरी. बाकी बहुतेक साखरच. मधुमेह्यांनी हा ‘उपाय’ करूच नये. दगडखाणीत काम करणाऱ्यांना गूळ वाटणाऱ्या मालकांनी आधी पाणी मारून धूळ बसवावी, चांगले मास्क द्यावेत. गूळ त्यानंतर, चहात.