लॅब्राडोरने दात लावला नाही, तरी मन्या बोका मरता मरता वाचला

‘नोकरदार जोडप्यांसाठी बिनकटकटीचे कुत्रे, घरात मांजर असलं तरी चालेल’ असा एक मेसेज महिनाभरात मला चार ग्रुपवर आला. तीनदा मी तो न वाचता सोडला. चौथ्यांदा तो माझ्या धाकट्या बहिणीने पाठवला आणि खाली लिहिलं, ‘ताई, आम्ही हे करून बघतोय.’

बहीण नाशिकला पाथर्डी फाट्याला राहते. ती बँकेत, नवरा अंबडला कंपनीत शिफ्टमध्ये, आणि घरात दोन मांजरं. मेसेजमधलं सांगणं थोडक्यात असं: लॅब्राडोर मांजराला कधीच काही करत नाही. हस्की स्वतंत्र वृत्तीचा असतो, दिवसभर एकटा मजेत राहतो. पिल्लू महिन्याभराचं असतानाच आणावं, म्हणजे लळा लागतो. गावठी कुत्रा मांजर दिसलं की फाडतोच, हवाच असेल तर रात्री आवारात बांधावा. आणि कुत्रा-मांजर तीन दिवस एका खोलीत कोंडले की आपोआप दोस्ती होते.

शेवटच्यापासून सुरू करते, कारण त्याची किंमत आम्ही मोजली आहे.

बहिणीच्या ऑफिसातल्या एकाने गावी जाताना त्याचा दीड वर्षाचा लॅब तिच्याकडे ठेवला. तिला वाटलं, आयतीच संधी आहे. शुक्रवारी रात्री तिने तो आणि दोन्ही मांजरं मागच्या बेडरूममध्ये ठेवली, खाणं, पाणी, शी-शूचा रेतीचा ट्रे सगळं आत दिलं आणि दार ओढून घेतलं. रविवारी सकाळी मी गेले. चिंगी कपाटावर सुटकेसच्या मागे भिंतीला चिकटली होती, डोळ्यांतल्या बाहुल्या पसरून डोळे नुसते काळेभोर झालेले. मन्या, म्हणजे बोका, ट्रेमध्ये पाठीची कमान करून जोर करत बसला होता. मी खालची रेती हाताने चाचपली. कोरडी ठणठणीत. आणि लॅब त्याच्यासमोर शेपूट हलवत उभा, त्याला खेळायचं होतं.

मन्याची लघवी तुंबली होती. डॉक्टरांनी भूल देऊन नळी घातली तेव्हा मूत्राशय दगडासारखं टणक लागत होतं. बोक्याची मूत्रनलिका मुळातच अरुंद असते. भीतीने, ताणाने मूत्राशयाला सूज येते, चिकट स्राव आणि बारीक खडे साचून वाट बंद होते, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबू शकतं. चिंगीने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. मांजराला अशी लंघनं झेपत नाहीत, काही दिवसांत यकृतात चरबी साठायला लागते आणि त्यातही जीव जातो. त्या लॅबने एकदाही दात लावला नव्हता. कोंडणं एवढंच पुरलं. हे ज्याने कोणी लिहिलं, त्याने आयुष्यात मांजर नीट पाहिलेलं नाही.

ओळख करून द्यायची ती दाराआडून. कुत्रा एका खोलीत, मांजरांना बाकीचं घर. आधी एकमेकांचे टॉवेल अदलाबदल करा, वास ओळखीचा होऊ द्या. मग जाळीच्या दारापलीकडून, दोन्हीकडे खाणं ठेवून. मग एका खोलीत, पण कुत्र्याला पट्टा हवा, मांजराला वर चढायला जागा हवी आणि माणूस तिथेच बसलेलं हवं. याला आठवडे लागतात, कधी महिने. आणि घरात कोणी नसताना दोघं वेगळी, हे तर बराच काळ.

आता लॅब. यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करते. मारलेला पक्षी न चिरडता तोंडात धरून आणण्यासाठी ही जात तयार झाली, त्यामुळे तोंड मऊ आणि माणसाचं ऐकण्याची तयारी जास्त. पण ‘कधीच’ हा शब्द कुठून आला? २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या कुत्र्यांवरचा एक मोठा अभ्यास आला. १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांकडून वागणुकीची माहिती घेतली होती आणि २,१५५ कुत्र्यांची जनुकं तपासली होती. एका कुत्र्याची वागणूक दुसऱ्यापेक्षा वेगळी का, यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून सांगता आला. सांगितलेलं ऐकणं हा गुण जातीशी त्यातल्या त्यात जास्त जोडलेला निघाला, बाकी बरंचसं त्या-त्या कुत्र्यावर. म्हणून जात विचारून मांजर सुरक्षित राहत नाही. हा कुत्रा मांजर पळालं की काय करतो, ते बघावं लागतं. तीस किलोच्या लॅबने प्रेमाने पंजा टाकला तरी तीन किलोच्या मांजरीचं काय होईल?

हस्कीबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. सायबेरियात चुक्ची लोकांनी बर्फावर गाड्या ओढायला, टोळीने राहायला वाढवलेला कुत्रा. अंगावर दुहेरी केस. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, लाइट गेली की बंद फ्लॅटची भट्टी होते. ‘स्वतंत्र’ म्हणजे तो सहजासहजी ऐकत नाही, एकटा सुखात राहतो असं नाही. लहान प्राणी पळाला की मागे धावण्याची ओढही त्याच्यात जबर असते.

महिन्याभराचं पिल्लू? २०१७ च्या केंद्राच्या श्वानप्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. चावताना जोर किती लावायचा हे ते आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. त्याआधीच उचलून आणलं तर तो धडा आपल्या मांजरांवर गिरवला जातो. शिवाय दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांच्या वर शू धरू शकत नाही, आणि बहिणीचं घर सकाळी नऊ ते संध्याकाळी सात कधी कधी पूर्ण रिकामं असतं.

गावठीवरचा राग मला कळत नाही. काही गावठी कुत्रे मांजरं मारतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण गोदाघाटावर मांजर शेजारून गेली तरी मान न उचलणारे गावठीही रोज दिसतात. आणि रात्री आवारात बांधायचं म्हणे! मी मखमलाबादला राहते. आमच्या मळ्यांत बिबट्या येतो हे पोराटोरांनाही माहीत आहे. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला तर पळताही येत नाही.

मी बहिणीला सांगितलंय, तीन-चार वर्षांचा, मांजरांच्या घरात आधीच राहिलेला कुत्रा बघ, मग जात कुठलीही असो. दुपारी फिरवून आणायला माणूस पक्का झाला तरच आण. वरच्या मजल्यावरच्या काकू हो म्हणाल्या आहेत, पण एक महिना बघू म्हणतायत, आणि ते बरोबर आहे.

मन्या घरी आलाय, ओलं खाणं खातोय, त्याचा ट्रे आम्ही दिवसातून तीनदा तपासतो. लॅब त्याच्या मालकाकडे परत गेला. सिडकोत एका घरी तीन मांजरांसोबत राहणारी चार वर्षांची गावठी कुत्री आहे, तिच्यासाठी घर शोधतायत. रविवारी आम्ही दोघी तिला बघायला जाणार आहोत. चिंगीच्या अंगाखालचा टॉवेल मी आजच पिशवीत भरून ठेवलाय.