उचलण्याचा उद्योग

माझ्या भाच्याच्या कारखान्यात जड वजने वर चढवण्याचे एक नवे यंत्र आले आणि त्याच्यासोबतची इंग्रजी माहितीपुस्तिका मराठीत करून देण्याचे काम, नात्याचा दाखला देऊन आणि मानधनाची थोडी उचल हातावर ठेवून, त्याने माझ्या गळ्यात मारले. चित्रे वगळली तर मजकूर जेमतेम सहा पानांचा होता, त्यामुळे दोन संध्याकाळींत विषय आटोपेल असा माझा अंदाज होता. त्या सहा पानांत ‘हॉइस्ट’ हा शब्द एकेचाळीस वेळा आला आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते; आता मात्र कोणी झोपेतून उठवून विचारले तरी मी आकडा सांगू शकेन.

पहिल्या झटक्यात ‘उचलणे’ असे लिहून मी मोकळा झालो. अडचण अशी की इंग्रजीत हा शब्द क्रियापदही आहे आणि नामही. उचलण्याची क्रिया तीच आणि उचलणारे यंत्रही तेच. यंत्राला मी ‘उचलणी’ असे नाव दिले आणि मसुद्यातले पहिलेच वाक्य असे उतरले: ‘उचलणीने उचलण्यापूर्वी उचलायची वस्तू उचलणीला उचलण्याजोगी आहे का, हे पाहून मगच उचलावी.’ भाच्याने ते दूरध्वनीवर मोठ्याने वाचून दाखवण्याचा तीनदा प्रयत्न केला आणि शेवटी म्हणाला, “मामा, हे कामगारांना द्यायचं आहे, जीभ वळवण्याच्या स्पर्धेला नाही.”

मग शब्दकोश उघडणे आले. ‘लिफ्ट’ म्हणजे कसेही उचलणे. जमिनीवर पडलेला रुमालही लिफ्ट करता येतो. ‘हॉइस्ट’ला मात्र भार लागतो, आणि बहुधा दोर, साखळी किंवा कप्पी लावून वरून ओढून घेणे लागते. जॅक खालून रेटतो, म्हणून तो हॉइस्ट नव्हे. क्रेन उचलते आणि वर बाजूलाही नेते; तिला लांब मानेच्या क्रौंच पक्ष्याचे नाव मिळाले आहे. एवढी शिस्त लावून झाल्यावर त्याच कोशात खाली उदाहरण होते की बाप मुलाला खांद्यावर ‘हॉइस्ट’ करतो. तिथे ना दोर, ना साखळी. बापाची कंबर हेच यंत्र असावे. मूल ‘रेझ’ केले तर वाढते आणि ‘हॉइस्ट’ केले तर खांद्यावर बसते, हा फरक मी वहीत टिपून ठेवला, परंतु पुस्तिकेत त्याचा उपयोग करण्याची संधी काही आली नाही.

शब्दाचा उगम पाहण्याची दुर्बुद्धी मला इथेच झाली. हा खलाशांचा शब्द, शिडे वर चढवतानाचा, आणि त्याचे मूळ रूप ‘हॉइझ’ असे होते. त्याच्या भूतकाळी रूपाच्या शेवटी ‘ट’ येई. तो भूतकाळच पुढे लोकांनी वर्तमानकाळ समजून वापरायला घेतला, आणि मग भूतकाळाची उणीव भासू लागल्यावर त्या ‘ट’ला आणखी एक प्रत्यय चिकटवून ‘हॉइस्टेड’ तयार केले. माझ्या शालेय निबंधांत एवढ्याशा कारणासाठी गुण कापले जात; इंग्रजांनी केले की ते व्याकरण होते.

जुने रूप एका म्हणीसारख्या वाक्प्रचारात शिल्लक आहे. १६०० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या ‘हॅम्लेट’मध्ये, सुरुंग लावणाराच आपल्या सुरुंगाने ‘हॉइस्ट’ होतो, म्हणजे हवेत उडतो, असा उल्लेख आहे. या सुरुंगाचे नाव ‘पेटार्ड’, आणि ते अपानवायू सोडण्याच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेले आहे, ही माहिती मी घरात सांगितली तेव्हा माझ्या कामाविषयी प्रथमच कोणी कुतूहल दाखवले. आपल्याकडे अशा प्रसंगी माणूस स्वतः खणलेल्या खड्ड्यात पडतो. फजिती तीच, पण इंग्रज वर जातो आणि आपण खाली, म्हणून हा मार्गही मला बंद झाला.

खरी पंचाईत पुस्तिकेच्या चौथ्या पानावर होती. ‘या यंत्राने माणसे उचलू नयेत’, असे मी सरळ भाषांतर केले. भाच्याने कळवले की ते वाचून कामगार हसत सुटले आणि एकाने गंभीरपणे विचारले की आपला कारखाना हा धंदा कधीपासून करू लागला. मराठीत माणूस उचलतात ते एक तर पोलीस किंवा अपहरण करणारे. पदावरून हटवलेल्याची उचलबांगडी होते, दुकानातली वस्तू नाहीशी होते ती उचलेगिरी, आणि भाच्याकडून मी घेतली होती तीही उचलच. दोष मराठीचा, असे मी म्हणणार होतो. परंतु इंग्रजीतही ‘हॉइस्ट’चा एक अर्थ चोरणे असा होता आणि दरोड्यासाठी अमेरिकनांनी वापरात आणलेला ‘हाइस्ट’ हा याच शब्दाचा अपभ्रंश आहे, असे निघाले. सातासमुद्रापलीकडच्या दोन भाषांनी उचलणाऱ्याविषयी नेमका एकच संशय घ्यावा, याचे मला फार समाधान वाटले.

सूचनेमागचे कारण मात्र गमतीचे नव्हते. दोर तुटला की मालाचे पाळणे थेट कोसळत. १८५४ मध्ये एलिशा ओटिस हा अमेरिकन यंत्रकार न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात अशा पाळण्यावर स्वतः उभा राहिला, त्याने दोर तोडायला लावला, आणि पाळणा किंचित खाली येऊन त्याने बसवलेल्या अडकणीवर थांबला. पुढे माणसांच्या पाळण्याची लिफ्ट झाली. तिला कार्यालयीन मराठीत ‘उद्वाहन’ म्हणतात. ‘उद्वाह’ म्हणजे विवाह, हे ध्यानात घेता त्यातही मध्येच अडकून पडण्याची शक्यता गृहीत धरलेली दिसते.

शेवटी मी कारखान्यात गेलो. एक वयस्कर कामगार साखळी ओढत होता आणि त्याच्या साथीदाराला सांगत होता, “घे वर... घे... बस.” मी त्याला यंत्राचे नाव विचारले. “चेन कप्पी,” तो म्हणाला, आणि माझ्याकडे कणवेने पाहत त्याने तिचे वर्मही सांगितले: एकट्या टांगलेल्या कप्पीने जोर वाचत नाही, फक्त ओढायची दिशा बदलते, तिला खालची फिरती कप्पी जोडली की शंभर किलोला पन्नासाचा जोर पुरतो, परंतु मीटरभर चढवायला दोन मीटर दोर ओढावा लागतो. साखळीच्या या यंत्रात तर ती हातभर ओढावी तेव्हा भार बोटभर चढत होता. माझ्या तीन आठवड्यांच्या भाषांतराचा वेग साधारण तेवढाच होता.

एकेचाळीस ठिकाणी मी ‘चेन कप्पी’ आणि ‘वर घ्या’ एवढेच लिहिले आणि पुस्तिका छापून झाली. तिचीही उचलेगिरी होऊ नये म्हणून भाच्याने ती कप्पीच्या मागच्या खांबावर खिळ्याला अडकवली आहे. त्यामुळे ‘टांगलेल्या वजनाखाली उभे राहू नये’ ही सूचना वाचण्यासाठी नेमके टांगलेल्या वजनाखाली उभे राहावे लागते.