टाकीच्या रंगाबद्दलच्या तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमच्या आजच्या डर्ट बाईकला 1973 च्या जुन्या होंडासारखं रूप द्यायचं काम आम्ही घेतलं होतं. सहा आठवडे सांगून गाडी अकराव्या आठवड्यात दिली, त्याबद्दल मनापासून माफी. मागचं 19 इंची रिम काढून 18 इंची बसवताना स्पोकचं माप घेण्यात आमचीच चूक झाली, ते 2 मिमी लांब आले. तसेच ओढून बसवता आले असते, पण निपलबाहेर (रिममध्ये स्पोक आवळणाऱ्या नटाबाहेर) डोकावणारं टोक आज ना उद्या ट्यूब फाडतं. म्हणून सगळे 36 परत मागवले. त्यात वेळ गेला. ही तक्रार रास्त आहे.

पण ‘हलक्या प्रतीचा रंग मारून फसवलं, तीन आठवड्यांत टाकीला फोड आले’ हे काही गिळवत नाही.

तुम्ही फोटो आणला होता 1973 च्या होंडा एल्सिनोर सीआर250एम या मोटोक्रॉस गाडीचा. चंदेरी टाकी, हिरवा पट्टा. ती टाकी अॅल्युमिनियमची आहे. तुमच्या गाडीची पॉलिथिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकची. या प्लॅस्टिकमधून पेट्रोल गळत नाही, पण त्याची वाफ भिंतीतून सतत पाझरत असते. उघड्या प्लॅस्टिकवरून ती हवेत निघून जाते, कळतही नाही. वरून रंग आणि लॅकरची (रंगावरच्या पारदर्शक चकाकीच्या थराची) घट्ट कातडी चढवली की वाफ अडते, रंगाला आतून ढकलते आणि फोड उठतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर पाझर आणखी वाढतो. म्हणूनच अशा टाक्यांचं प्लॅस्टिकच रंगीत ओततात आणि वरच्या स्टिकरला वाफ निघायला बारीक भोकं ठेवतात.

हे सगळं काम धरायच्या आधी सांगितलं होतं, एस्टिमेटवर लिहिलं होतं, खाली तुमची सही आहे. आम्ही सुचवलेली टाकी 2 मिमी अॅल्युमिनियम पत्र्याची होती. तुमची गाडी कार्बोरेटरची नाही, फ्युएल इंजेक्शनची, म्हणून पेट्रोलचा पंप टाकीच्या बुडाला बसतो. त्यामुळे पंपाच्या मापाची रिंग लेथवर काढून टिग वेल्डिंगने बसवायची, मग हलक्या दाबाची हवा भरून साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासायचा. तीन आठवडे जास्त लागणार होते. ‘आहे त्याच टाकीला रंग मारा’ हा निर्णय तुमचा होता.

तरीही जमेल तेवढं केलं. झाकण आणि पंप काढून टाकी पंधरा दिवस सुकवली, 320 च्या पेपरने घासली, प्लॅस्टिकच्या प्रायमरचे दोन पातळ हात दिले, रंग लवचीक राहावा म्हणून त्यात फ्लेक्स नावाचं मिश्रण घातलं. पेट्रोल प्यायलेल्या जुन्या प्लॅस्टिकवर याने फोड लांबतात, टळत नाहीत. रंगच हलका असता तर तो आधी मडगार्डवरून गेला असता, कारण मडगार्ड सतत वाकतं. तोच प्रायमर, तोच रंग, तोच लॅकर, एकाच दिवशी मारलेला. तिथे एक कपचाही उडालेला नाही, तुमच्याच फोटोत दिसतं आहे. खात्री करायची तर एक फोड सुईने टोचून वास घ्या. पेट्रोलचा येईल. शिवाय त्याच फोटोत गाडी भर उन्हात उभी आहे आणि झाकणाभोवती पेट्रोल ओघळलंय. टाकी गळ्यापर्यंत भरून उन्हात ठेवू नका, हे गाडी देताना सांगितलं होतं. असो.

सीट उंच राहिली, हेही लिहिलंय. एल्सिनोरच्या काळी मागचं चाक साधारण 10 सेंमी वरखाली व्हायचं, तुमचं 30 सेंमी होतं. स्प्रिंग काढून चाक पूर्ण वर दाबलं तेव्हा टायर आणि मडगार्डमध्ये जेमतेम 25 मिमी जागा उरली. सीट आणखी खाली घेतली असती तर पहिल्याच उडीत टायरने मडगार्ड खाल्लं असतं. रेडिएटरची कव्हरं कापायला नाही म्हटलं, त्याला तुम्ही आडमुठेपणा म्हणालात. ती शोभेची नाहीत, हवा रेडिएटरकडे वळवतात.

यापुढे तारखा सांगताना जास्त काळजी घेऊ, कामाची माहितीही वेळोवेळी कळवत जाऊ.

टाकी घेऊन या. फोड खरवडून प्लॅस्टिक मोकळं करू आणि वरून फायबरचं पातळ कव्हर बसवू, मध्ये 4 मिमी फट ठेवून. रंग कव्हरवर, वाफ फटीतून बाहेर. मजुरी घेणार नाही, कव्हरचा खर्च तेवढा द्यावा लागेल. आणण्याआधी पेट्रोल काढून टाकी मोकळ्या हवेत, आगीपासून लांब, झाकण उघडं ठेवून किमान आठवडाभर सुकू द्या. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही. पण ‘फसवलं’ हा शब्द तेवढा काढता आला तर बघा, नवीन गिऱ्हाईक आधी तोच वाचतं.